प्लॅन ३०० एमबीपीएसचा, तरी रात्री साइट उघडेना: दोष पीअरिंगचा आहे का, हे कसं तपासायचं

नाशिकमध्ये गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की सिडको, फायबर आता घरोघरी आहे. तरी रात्री साडेआठनंतर एक तक्रार हमखास ऐकू येते. यूट्यूब झकास चालतं, स्पीडटेस्ट पूर्ण आकडा दाखवते, पण ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन रडतं, एखादी फाइल उतरता उतरत नाही आणि गेममध्ये पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) शंभरच्या वर जातं. कस्टमर केअर आधी राउटर बंद-चालू करायला सांगतं, मग मोठा प्लॅन सुचवतं. गर्दी तुमच्या घरात नसून मुंबईत दोन कंपन्यांच्या जोडावर असेल, तर या दोन्हींनी काडीचाही फरक पडत नाही.

तो जोड कुठे असतो ते आधी पाहू. तुमच्या इमारतीतून निघालेली फायबर शहरातल्या पुरवठादाराच्या केंद्रात जाते आणि तिथून बहुतेक वेळा मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. तिथे तुमचा पुरवठादार बाकीच्या जगाला तीन-चार प्रकारे जोडलेला असतो. एक म्हणजे ट्रान्झिट: मोठ्या कंपनीला दर एमबीपीएसमागे पैसे देऊन सगळ्या जगाचा रस्ता विकत घेणं. दुसरा प्रकार पीअरिंगचा: दोन नेटवर्क एकमेकांच्या ग्राहकांपुरता डेटा थेट देतात-घेतात, बहुतेक वेळा पैशांशिवाय. हे निक्सी, डीई-सीआयएक्स मुंबई, एक्स्ट्रीम आयएक्स अशा एक्स्चेंजवर (अनेक नेटवर्क जिथे जोडली जातात अशा ठिकाणी) होतं, किंवा दोघांमध्ये खासगी तार टाकून. शिवाय गूगल, मेटा, नेटफ्लिक्स यांचे कॅश सर्व्हर (मजकुराच्या प्रती साठवणारे) पुरवठादाराच्या स्वतःच्या नेटवर्कमध्येच बसवलेले असू शकतात. यूट्यूब सुरळीत चालण्याचं कारण बहुधा हेच असतं. तो व्हिडिओ कुठल्याच जोडावरून येत नसतो, त्यामुळे यूट्यूब चाललं एवढ्यावरून नेट ठीक आहे असं म्हणता येत नाही.

भांडण पैशांचं असतं. एक बाजू म्हणते, तुम्ही आमच्याकडे जास्त डेटा ढकलता, तेव्हा पैसे द्या. दुसरी म्हणते, तो डेटा तुमच्याच ग्राहकांनी मागितला आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेत लेव्हल थ्री या नेटवर्क कंपनीने कोजंट या दुसऱ्या कंपनीशी पीअरिंग तोडलं, तेव्हा फक्त एकाच कंपनीवर अवलंबून असलेले ग्राहक पलीकडच्या ग्राहकांपर्यंत पोचूच शकत नव्हते. नेटफ्लिक्सचा वेग कॉमकास्ट या अमेरिकी पुरवठादारावर महिनोनमहिने घसरत गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये पैशांचा करार झाल्यावर सुधारला. अलीकडे जर्मनीत डॉइचे टेलिकॉम आणि मेटा कोर्टात गेले, निकाल मेटाच्या विरोधात लागला आणि २०२४ मध्ये मेटाने थेट जोड बंद करून आपला डेटा तिसऱ्या कंपनीमार्फत पाठवायला सुरुवात केली.

तार सरळ तोडण्याचे प्रसंग मात्र कमी. नेहमीची पद्धत जास्त शांत असते: जोडावरचा दहा गिगाबिटचा पोर्ट संध्याकाळी भरतो आणि तो वाढवायचा खर्च कोणी करायचा, यावर दोघंही गप्प बसतात. ग्राहकाला दिसतं ते एवढंच, की सकाळी सगळं ठीक असतं आणि रात्री नसतं.

आधी घर निर्दोष आहे हे सिद्ध करा

ही पायरी गाळली तर पुढचं कुठलंही मोजमाप कोणी मान्य करणार नाही. लॅपटॉप केबलने राउटरला लावा, वाय-फाय बंद करा, घरातले टीव्ही आणि मोबाइल नेटवरून काढा. विंडोजमध्ये सीएमडी (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यायच्या: पिंग, मग उणेची खूण आणि एन, मग १००, आणि शेवटी राउटरचा पत्ता, जो बहुधा १९२.१६८.१.१ असतो. मॅक किंवा लिनक्सवर एनच्या जागी सी. शंभरपैकी एकही पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवता कामा नये आणि वेळ एक-दोन मिलिसेकंदांच्या वर जाता कामा नये. इथेच गडबड दिसली तर दोष केबलचा किंवा राउटरचा आहे, पुढे वाचायची गरज नाही.

मग फायबर ज्या डब्यात येते त्याचं सेटिंगचं पान उघडून प्रकाशाची पातळी बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम म्हणजे ठीक. आकडा उणे २७ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर वायर कुठेतरी वाकली आहे, किंवा खांबावरच्या डब्यातला जोड खराब आहे. पावसाळ्यात हे नेहमीचं. त्यासाठी लाइनमन लागतो आणि पीअरिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही.

शेवटी अपलोड चालू असताना राउटरपलीकडच्या पहिल्या टप्प्याला पिंग करा (त्याचा पत्ता खाली सांगितलेल्या ट्रेसच्या दुसऱ्या ओळीत मिळतो). घरात कोणीतरी मोठी फाइल चढवत असेल आणि पिंग पाचावरून दोनशेवर जात असेल, तर ती रांग तुमच्याच राउटरमध्ये लागली आहे. राउटरच्या क्यूओएसमध्ये (वेग वाटून देण्याच्या सेटिंगमध्ये) अपलोडला प्लॅनच्या ९० टक्क्यांची मर्यादा घाला.

तीन ठिकाणं, एकाच वेळी

एकाच ठिकाणाला पिंग करून काही सिद्ध होत नाही. तीन निवडा: पुरवठादाराचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा), मुंबईतला दुसऱ्या नेटवर्कवरचा सर्व्हर (एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनचा एखादा पत्ता चालतो) आणि तुमचं जे ठिकाण रडतंय ते.

अपेक्षा किती ठेवायची? प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक ते मुंबई रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोन मिलिसेकंद. कसारा घाटातले वळसे, मधली यंत्रं आणि फायबरचा प्रत्यक्ष मार्ग धरून पाच ते दहा मिलिसेकंद ठीक आहेत. मुंबई ते सिंगापूर जाऊन-येऊन साठच्या आसपास, युरोप १२० ते १४०, अमेरिकेचा पूर्व किनारा दोनशेच्या पुढे. हे आकडे अंतराचे आहेत, कोणत्याही प्लॅनने ते कमी होणार नाहीत.

म्हणून मुंबईतल्या गेम सर्व्हरला नाशिकमधून ७० मिलिसेकंद लागत असतील तर डेटा सिंगापूरला जाऊन परत मुंबईत येतोय, असं समजायला हरकत नाही. दोन भारतीय नेटवर्क मुंबईत एकाच इमारतीत असूनही एकमेकांशी जोडलेली नसली की असा वळसा पडतो. सत्तरच्या आसपास आकडा असेल तर बहुधा जाताना किंवा येताना अशी एकच बाजू वळसा घेते. १३० च्या आसपास असेल तर दोन्ही बाजू.

ट्रेस घ्या, पण वाचताना घाई करू नका

ट्रेस म्हणजे डेटा कोणकोणत्या टप्प्यांतून जातो त्याची यादी. विंडोजमध्ये ट्रेस या इंग्रजी शब्दाला आर आणि टी जोडून आज्ञा होते, पुढे पत्ता. त्यापेक्षा बरं म्हणजे विनएमटीआर हे फुकट साधन. लिनक्स आणि मॅकवर एमटीआर. किमान तीनशे फेऱ्या होऊ द्या, साधारण पाच मिनिटं. समजा, असं काही दिसलं (लॉस म्हणजे हरवलेली पॅकेट):

१. घरचा राउटर: १ मिलिसेकंद, लॉस ०
२. १००.६४ ने सुरू होणारा पत्ता: ३, लॉस ०
३. पुरवठादार, नाशिक: ४, लॉस ४० टक्के
४. पुरवठादार, मुंबई: ८, लॉस ०
५. अपस्ट्रीम कंपनी (पुरवठादाराला ट्रान्झिट विकणारी), मुंबई: ९, लॉस ०
६. दुसरं नेटवर्क, मुंबई: ७४, लॉस ३ टक्के
७. दुसरं नेटवर्क: ७५, लॉस ३ टक्के
८. सर्व्हर: ७५, लॉस ३ टक्के

तिसऱ्या ओळीतला ४० टक्के लॉस बघून बहुतेक जण तिथेच बोट ठेवतात आणि पुरवठादाराचा इंजिनिअर हसून तक्रार बंद करतो. त्याचं हसणं बरोबर असतं. राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम सगळ्यांत शेवटी करतो, वेळ नसला तर देतच नाही, पण तुमचा डेटा मात्र तो बिनचूक पुढे पाठवतो. चौथ्या ओळीत लॉस शून्य झाला यातच सगळं आलं. लॉस किंवा वेळ एखाद्या ओळीपासून वाढून थेट शेवटच्या ओळीपर्यंत तशीच राहिली, तरच ती खरी. इथे ती पाचवी आणि सहावी यांच्या मध्ये वाढली आहे आणि तिथेच नेटवर्क बदलतंय. जोड तो.

दुसऱ्या ओळीतला १००.६४ चा पत्ता म्हणजे सीजीनॅट, एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक. त्याचा या दुखण्याशी संबंध नाही.

कोणता पत्ता कोणत्या कंपनीचा, हे हरिकेन इलेक्ट्रिकच्या बीजीपी टूलकिट या साइटवर कळतं. प्रत्येक नेटवर्कला एएस क्रमांक, म्हणजे ओळख क्रमांक, असतो: एअरटेल ९४९८, टाटा कम्युनिकेशन्स भारतात ४७५५, जिओ ५५८३६, बीएसएनएल ९८२९. टप्प्याच्या नावात शहराचा विमानतळ-संकेतही सापडतो: बीओएम मुंबई, एसआयएन सिंगापूर, एमआरएस मार्सेय, एफआरए फ्रँकफर्ट. नावं कधीकधी जुनी राहिलेली असतात, म्हणून मिलिसेकंदांशी ताडून बघा. नावात बीओएम आणि वेळ ७४ असेल, तर एकतर नाव खोटं, नाहीतर रांग खरी.

हाच ट्रेस सकाळी सहाला घ्या. तेव्हाही ७४ असेल तर तो वळसा आहे, अंतराचा प्रश्न. सकाळी १० आणि रात्री ७४ असेल तर पोर्ट भरतोय. दोन्हींची तक्रार वेगळ्या शब्दांत करावी लागते.

परतीचा रस्ता

इथे बरेच जाणकारही चुकतात. ट्रेसमध्ये दिसतो तो तुमच्याकडून तिकडे जाणारा रस्ता. डाउनलोड येतो उलट्या दिशेने आणि तो रस्ता पलीकडचं नेटवर्क ठरवतं. नाशिकहून जाताना डेटा एका अपस्ट्रीममधून जाईल आणि येताना दुसऱ्याच भरलेल्या जोडावरून येईल, असं सर्रास होतं. अशा वेळी तुमचा ट्रेस भलत्याच टप्प्याकडे बोट दाखवतो.

उपाय असा: पलीकडच्या कंपनीचं लुकिंग ग्लास पान (तिच्या नेटवर्कमधून ट्रेस घेऊ देणारं) असेल तर तिथून तुमच्या सार्वजनिक पत्त्याकडे ट्रेस घ्या. पलीकडे तुमच्याच ऑफिसचा सर्व्हर असेल तर काम सोपं, तिथल्या माणसाला त्याच पाच मिनिटांत एमटीआर चालवायला सांगा. दोन्ही बाजूंचे ट्रेस एका वेळचे हवेत. दुपारचा एक आणि रात्रीचा एक जोडून काही सिद्ध होत नाही.

एक टक्का लॉस म्हणजे नेमकं किती नुकसान

ऐकायला एक-दोन टक्के किरकोळ वाटतात. टीसीपीचं (डेटा पोचल्याची खात्री करत पाठवायच्या पद्धतीचं) जुनं ढोबळ सूत्र आहे: एका जोडणीचा वेग अंतराच्या वेळेच्या आणि लॉसच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात. १४६० बाइटचं पॅकेट, फ्रँकफर्टपर्यंत १३० मिलिसेकंद आणि एक टक्का लॉस धरला, तर एका जोडणीला साधारण १.१ एमबीपीएस मिळतात. प्लॅन ३०० चा असो की हजारचा. तोच एक टक्का मुंबईच्या १० मिलिसेकंदांवर असेल तर चौदा एमबीपीएस. आजचे काही नवे अल्गोरिदम यापेक्षा बरंच जास्त काढतात, पण ते सगळीकडे वापरात नसतात. द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रं युरोपातल्या सर्व्हरवर चढवणाऱ्या पिंपळगावच्या ऑफिसला मोठा प्लॅन घेऊन फरक का पडत नाही, याचं उत्तर या भागाकारात आहे.

स्पीडटेस्ट हे लपवते, कारण तिचा सर्व्हर बहुधा पुरवठादाराच्याच नेटवर्कमध्ये असतो आणि ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. चाचणी करताना सर्व्हर हाताने बदलून दुसऱ्या कंपनीचा मुंबईतला घ्या आणि एकेरी जोडणीचा पर्याय निवडा. क्लाउडफ्लेअरची वेगचाचणी त्यांचा सर्व्हर कोणत्या शहरात लागला तेही सांगते. बीओएमऐवजी एसआयएन किंवा एफआरए दिसलं तर तो कागद जपून ठेवा.

व्हीपीएनची कसोटी, आणि त्यातला सापळा

व्हीपीएन लावल्यावर रडणारी साइट धावायला लागली, तर तुमची लाइन निर्दोष आहे आणि रस्ता सदोष, हा चांगला पुरावा. व्हीपीएन डेटा वेगळ्या जोडावरून बाहेर काढतं, एवढंच. मात्र २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या नोंदी ठेवण्याच्या नियमांनंतर काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यांच्या यादीतलं ‘इंडिया’ प्रत्यक्षात सिंगापुरात असू शकतं. म्हणून आधी त्या जोडणीवरून मुंबईला पिंग करून बघा, मगच निष्कर्ष काढा.

डीएनएसचाही एक फसवा प्रकार आहे. १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा डीएनएस तुमच्या नेटवर्कचा पत्ता पुढे कळवत नाही, त्यामुळे काही सेवा तुम्हाला जवळच्या कॅशऐवजी लांबचा सर्व्हर देतात. पुरवठादाराचा डीएनएस आणि गूगलचा ८.८.८.८ लावून तुलना करा. फरक पडला तर पीअरिंगवर खापर फोडू नका.

आणि समुद्री केबल? सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक मंदावली होती. तेव्हा त्रास एकाच कंपनीच्या ग्राहकांपुरता नव्हता. शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या कनेक्शनवर, किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तीच साइट त्याच वेळी ठीक चालत असेल तर केबल नाही, जोडच.

तक्रार कशी लिहायची

सात दिवस, सकाळी सहा आणि रात्री साडेनऊला, तिन्ही ठिकाणांचे शंभर-शंभर पिंग आणि एकेक ट्रेस एका वहीत किंवा शीटमध्ये. मग असं लिहा:

‘ग्राहक क्रमांक अमुक. केबलने जोडलेल्या संगणकावरून सात दिवस मोजमाप. नाशिक गेटवेपर्यंत लॉस शून्य. रात्री ८ ते ११ मध्ये अमुक एएस आणि अमुक एएस यांच्या जोडापासून पुढे सरासरी ३ टक्के लॉस, सकाळी शून्य. हाच सर्व्हर दुसऱ्या पुरवठादाराकडून त्याच वेळी निर्दोष. कृपया ही तक्रार एनओसीकडे पाठवावी आणि हा प्रीफिक्स दुसऱ्या अपस्ट्रीमवरून वळवता येईल का ते कळवावं.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘नेट स्लो आहे’ या वाक्यावर एनओसीला (कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या केंद्राला) करण्यासारखं काही नसतं. प्रीफिक्स (नेटवर्कच्या पत्त्यांचा गट) वळवणं हे मात्र त्यांच्या राउटरवर काही मिनिटांचं काम आहे: लोकल प्रेफरन्स (कोणता रस्ता आधी घ्यायचा ती सेटिंग) बदलला की जाणारा डेटा दुसऱ्या रस्त्याने जातो. येणारा डेटा वळवायला त्यांना आपले पत्ते इतर नेटवर्कना कळवणाऱ्या घोषणेत एएस क्रमांक पुन्हा जोडावा लागतो, त्याला प्रीपेंड म्हणतात, आणि तो हमखास लागू पडेलच असं नाही. छोट्या स्थानिक पुरवठादाराकडे अपस्ट्रीम एकच असेल तर वळवायला जागाच नसते. हे तो फोनवर कबूल करणार नाही, पण बीजीपी टूलकिटवर त्याच्या एएस क्रमांकाखाली ते उघड दिसतं. तो कोणत्या एक्स्चेंजवर किती क्षमतेच्या पोर्टने हजर आहे, तेही त्याने नोंद केली असेल तर पीअरिंगडीबी या साइटवर सापडतं.

मापदंड म्हणून ट्रायची (दूरसंचार नियामकाची) २००६ ची नियमावली अजून उपयोगी आहे, जरी १ ऑक्टोबर २०२४ पासून तिच्या जागी नवी आली. त्यात लॉस एक टक्क्याच्या आत आणि गर्दीच्या वेळी अपस्ट्रीम लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत हवा, असं होतं. ९० टक्क्यांपुढे गेला तर ती लिंक तुंबलेली धरायची आणि एका महिन्याच्या आत वाढवायची.

डॉकेट (तक्रार) क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर न पटल्यास तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, ते ३९ दिवसांत निकाल देतं. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग खुले आहेत. टेलिकॉम सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण दोन कंपन्यांना एकमेकांशी पीअर करायला लावणं आयोगाच्या हातात नाही. परवानाधारकांची आपसातली भांडणं टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणाकडे जातात. तुम्हाला मिळाले तर पैसे परत मिळतील.

म्हणून बारा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही गोड असो. आधी एक महिना घ्या आणि तो रात्री साडेनऊला तपासा.

दुसरी लाइन घेताना

अंबड किंवा सातपूरमध्ये कारखाना किंवा ऑफिस असेल तर दुसरी लाइन घ्यावीच लागते, पण ती दुसऱ्या नावाची असून भागत नाही, दुसऱ्या रस्त्याची हवी. दोन्ही पुरवठादारांचे अपस्ट्रीम तपासा. दोघंही एकाच मोठ्या कंपनीकडून ट्रान्झिट घेत असतील तर रात्री साडेनऊला दोन्ही एकाच रांगेत उभे राहतील. तारही बघा: दोघांची फायबर एकाच खांबावरून येत असेल तर एकाच जेसीबीने दोन्ही जातात.

लीझ्ड लाइनच्या (फक्त तुमच्यासाठी राखलेल्या लाइनच्या) करारात अपटाइमवर समाधान मानू नका. ९९.५ टक्के अपटाइम म्हणजे महिन्याला साडेतीन तासांपेक्षा जास्त बंद, आणि तुंबलेली लाइन त्यात ‘चालू’च धरली जाते. करारात लिहून घ्या: रात्री ८ ते ११ मध्ये मुंबईपर्यंत १५ मिलिसेकंद, सिंगापूरपर्यंत ८०, लॉस अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि मोजमाप तुमच्या गेटवर. विक्रीवाला आधी नाही म्हणेल. पहिल्या ट्रेसचा कागद त्याच्यासमोर ठेवा, मग बहुधा तो एनओसीच्या माणसाला फोन लावतो.